चालत आलेलं न्हाणीघर

आमच्या सदाशिव पेठेतल्या घराचं न्हाणीघर एका जागी कधी टिकलंच नाही. आजोबांनी १९३८ च्या सुमाराला घर बांधलं तेव्हा ते मागच्या परसात, विहिरीशेजारी होतं. पुढे ते जिन्याखाली आलं. नंतर माडीवरच्या सज्जाचा कोपरा भिंत घालून अडवला आणि ते वर चढलं. आता आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते आणखी चार पावलं आत, थेट तिच्या खोलीला लागून यावं, असं आमच्या मनात घाटतं आहे. तिथे सध्या कोठीची खोली आहे. त्या खोलीचं माप कागदावर उतरवून मी रेघा मारायला बसतो आणि दर वेळी रेघांपेक्षा माणसंच जास्त आठवतात. घराने कोणाचा विचार केला होता आणि कोणाचा नव्हता, हे दिवाणखान्यात लपवता येतं. न्हाणीघरात ते उघडं पडतं.

परसातली ती मोरी पुरुषांच्या सोयीची होती. शहाबादी फरशीचा चौकोन, कडेला पाट, एका बाजूला पत्र्याचा आडोसा आणि तांब्याचा बंब. बंबाच्या मधल्या नळकांड्यात बंबफोड, करवंट्या, थोडा कोळसा; भोवती पाणी; खाली तोटी. घंगाळात कढत पाणी काढायचं आणि विहिरीच्या गार पाण्याचं विसण घालायचं. घरातले पुरुष पंचा नेसून, स्तोत्रं म्हणत, चारचौघांत अंघोळ उरकत. बायकांना उजाडायच्या आत उरकावी लागे, नाहीतर पुरुषमंडळी कचेरीला गेल्यावर. पत्र्याच्या आडोशाला दार नव्हतं. लुगडं अंगावर ठेवूनच पाणी घ्यायचं आणि ओल्या लुगड्यावर कोरडं गुंडाळून आत पळायचं. खुंटी होती, पण ती आजोबांच्या हाताला येईल इतक्या उंचावर. आजी तिच्यावर काही टांगायची ते पाटावर उभी राहून, आणि ओल्या पाटावर उभं राहणं म्हणजे काय ते घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. तरीही खुंटी खाली ठोकावी, असं त्या काळात कोणाला सुचलं नाही. ज्याच्या हातात खिळा आणि हातोडी होती त्याला ती नीट पुरत होती.

संडास परसाच्या टोकाला, बोळाकडे पाठ करून. टोपलीचा संडास. त्याच्या मागच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लहानसं दार होतं आणि ते बोळात उघडायचं. मैला उचलणारा माणूस त्या बोळातून येई आणि त्याच बोळातून जाई. घराच्या पुढच्या दाराशी त्याचा संबंध येऊ नये, त्याचं येणं-जाणं कोणाच्या नजरेला पडू नये, यासाठी नकाशातच तजवीज होती. पेठांमधल्या जुन्या घरांमागे असे बोळ अजून सापडतात. आमच्या घराच्या आठवणींत विहिरीत पडलेली कळशी कोणी काढली त्याचं नाव आहे, बंब कल्हईला कोण न्यायचं त्याचं नाव आहे. बोळातून येणाऱ्या माणसाचं नाव मात्र विचारून पाहिलं तर कोणालाच सांगता येत नाही. आईला नाही, काकूला नाही.

तेव्हा कोणी काही बोलतच नव्हतं असं नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात झाडू घेतला आणि गोपुरी आश्रमात मैला हाताने उचलावा लागणार नाही असे संडास करून दाखवले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमून सफाई कामगारांच्या कामाची आणि राहणीची चौकशी करवली. कोरडे संडास बांधायला आणि माणसाकरवी मैला उचलायला बंदी घालणारा केंद्राचा कायदा मात्र १९९३ चा, आणि तो अधिक कडक झाला २०१३ मध्ये. आमच्या परसातलं ते दार त्याच्या बरंच आधी बुजवलं गेलं. पण बोळात उभं राहून पाहिलं तर बुजवलेल्या विटांची कड गिलाव्यातून अजून कळते.

पाण्याच्या बाबतीतही पेठांचा इतिहास असाच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून दगडी नळ काढून शहरात पाणी आणलं, ठिकठिकाणी हौद बांधले. सदाशिव पेठ हौदावर कधीकाळी कळश्यांची रांग लागत असे. बांधकामाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण पाणी शहरात येणं आणि ते सगळ्यांच्या ओंजळीत पडणं यांत फार मोठं अंतर होतं. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. एका माणसाने हौद कोणासाठी आहे या प्रश्नाचं उत्तर बदललं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. आमची गल्ली बचावली, पण नळ कोरडे पडले आणि पेठेतल्या विहिरी पुन्हा कामाला आल्या. परसात रांग लागली, गल्लीतल्या सगळ्या घरांच्या बादल्या आमच्या रहाटाखाली आल्या. त्यानंतर आजोबांच्या मनाने घेतलं की पाण्याची आणि संडासाची सोय घरात असावी. तेव्हा जिन्याखाली एक अंधारी खोली निघाली. दार आलं, कडी आली, पिवळा दिवा आला. घरातल्या बायकांना पहिल्यांदा कडी लावून निवांत अंघोळ करता आली. आई लग्न होऊन आली तेव्हा तेच न्हाणीघर होतं. त्यात छताला डोकं लागायचं, झुरळं निघायची. पण त्या कडीबद्दल ती आजही बोलते.

तिथून न्हाणीघर माडीवर चढलं ते आजी पडली म्हणून. रात्री जिना उतरताना तिचा पाय चुकला आणि कमरेचं हाड मोडलं. मग घाईघाईने सज्जाचा कोपरा अडवला, भारतीय पद्धतीचं भांडं बसवलं, बाहेरच्या भिंतीवरून पाइप खाली सोडले. आजीला त्या भांड्यावर बसता येत नव्हतं हे ते बसवल्यावर लक्षात आलं. मग मधे भोक पाडलेली एक लाकडी खुर्ची त्यावर ठेवली गेली. मागच्या खेपेला आमच्या घराने न्हाणीघर कोणीतरी पडल्यावर बांधलं. या वेळी कोणी पडायच्या आधी बांधू, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे.

ती पुरी करायला जी स्ट्रक्चरल इंजिनिअर आली ती वयाने माझ्या भाचीएवढी. आल्याआल्या तिने टाइल्सचा विषय काढला नाही. खालच्या मजल्यावर काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन तिने आधी वर पाहिलं. सागवानी तुळया, वर फळ्या, त्यावर माती-चुन्याचा थर आणि फरशी. तिने स्टुलावर चढून प्रत्येक तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत जाते तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. दोन ठिकाणी टणक आवाज आला, तिसऱ्या ठिकाणी टोक सहज अर्धा इंच आत गेलं. ती तुळई नेमकी सज्जातल्या सध्याच्या न्हाणीघराखालची. वरचं पाणी झिरपत झिरपत लाकडाच्या टोकापर्यंत पोचलं होतं. काकूंच्या भिंतीवरचा ओलावा आम्ही पावसाळ्याच्या नावावर खपवत होतो, तो बारमाही होता.

मग तिने वजनाचं गणित मांडलं. न्हाणीघराचे पाइप जमिनीत लपवायचे तर पाच-सहा इंच भराव लागतो. एरवी तो विटांच्या तुकड्यांचा, म्हणजे ब्रिकबॅट कोब्याचा असतो. चाळीस चौरस फुटांत सहा इंच कोबा म्हणजे जवळपास टनभर वजन. त्यावर फरशी, भांडं, भरलेल्या बादल्या, माणूस. सिमेंटच्या स्लॅबला ते झेपतं. नव्वदीच्या घरातल्या लाकडाला ते विचारूनच घालावं लागतं. तिचा तोडगा असा : तुळयांच्या जोडीला लोखंडी गर्डर, त्यावर हलकी स्लॅब आणि भरावाला सायपोरेक्सच्या विटांचे तुकडे, जे कोब्याच्या निम्म्याहूनही हलके. वॉटरप्रूफिंग झाल्यावर खोलीत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं आणि खाली काकूंच्या छताला एकही ओला डाग आला नाही, तरच पुढचं काम. "हा चाचणीचा निकाल तुम्ही नाही, खालच्यांनी द्यायचा," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत आमच्या वरच्या पाण्यावर काकूंचं मत कोणी घेतलं नव्हतं.

काकूंचं मत होतंच, आणि ते वेगळंच निघालं. कोठीच्या खोलीखाली त्यांचं देवघर आहे. "वहिनी, तुमच्यासाठी हवं ते करा," त्या आईला म्हणाल्या, "पण माझ्या देवांच्या डोक्यावर नको." माझ्या तोंडावर हसू आलं असावं, कारण आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी शास्त्र, विज्ञान असं काहीबाही मनात जुळवत होतो. इंजिनिअर बाईंनी मात्र वाद घातलाच नाही. त्यांनी नकाशा अर्धा फिरवला. कमोड बाहेरच्या भिंतीकडे, जिन्याच्या वर गेला. अंघोळीची जागा मधे आली. आणि देवघराच्या वर आलं ते कपड्यांचं कपाट. मैल्याचा पाइप त्यामुळे सहा फुटांनी आखूड झाला आणि त्याला हवा तो उतारही मिळाला. काकूंच्या देवांनी आमचं प्लंबिंग सुधारलं.

प्लंबर जुना, गल्लीतलाच. त्याने सज्जातला गंजका जीआय पाइप कापून त्याचा वीतभर तुकडा माझ्या हातात ठेवला. बाहेरून पाऊण इंची पाइप. आत तपकिरी, खरखरीत थर सगळीकडून वाढत आलेला आणि मधे पेन्सिल कशीबशी जाईल एवढंच भोक. "नळाला धार नाही म्हणून महापालिकेला शिव्या घालताय ना," तो म्हणाला, "हे बघा." आता सगळं सीपीव्हीसी. ते गंजत नाही, आणि गिझरचं कढत पाणीही सोसतं.

मग तो नहाणी ट्रॅपकडे वळला. फरशीखाली बसणारी ही वाटी म्हणजे अख्ख्या खोलीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात न दिसणारी वस्तू. तिच्यात कायम दोनेक इंच पाणी साठून राहतं. तेवढ्या पाण्याच्या पलीकडे साऱ्या शहराचं गटार असतं, आणि अलीकडे आपण साबण लावत उभे असतो. साठलेल्या पाण्याने वास अडवायची ही युक्ती जुनी. पाइपला वळण देऊन भांड्यातच पाणी अडवून ठेवणाऱ्या संडासाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने घेतलं, आणि तो धंद्याने घड्याळजी होता. महिनाभर घर बंद ठेवून गावाला गेलं की परत आल्यावर न्हाणीघरात वास मारतो, तो हे पाणी सुकल्यामुळे. बादलीभर पाणी ओतलं की पहारा पुन्हा सुरू.

टाइल्सच्या दुकानातही जाऊन आलो. काचेची दारं, मंद दिवे, भिंतीवर लटकलेले कमोड, छतातून पडणारा पाऊस. तिथल्या चित्रांतली माणसं तिशीतली, सडपातळ आणि कोरडी. कोणाच्या हातात बादली नाही, कोणाला दम लागलेला नाही, ओला पंचा कुठे टाकू म्हणून कोणी इकडेतिकडे पाहत नाही. विक्रेत्याचा पहिला प्रश्न : "थीम काय ठेवायची?" आई तिथल्या एका उंच कमोडवर कपडे सावरून नीट बसली, उठली, पुन्हा बसली, आणि तिने आजूबाजूच्यांची पर्वा न करता मान डोलावली. त्या दुकानात तेवढी एकच गोष्ट मला पटली. जमिनीपासून अठरा इंच. जुन्या पद्धतीच्या पंधरा-सोळा इंची कमोडवरून उठताना ती बेसिनला लोंबकळत असे.

धरायच्या दांड्यांवरून मात्र ती बिथरली. "मला काय दवाखान्यात राहायचंय का?" तिला पटवायला मी खूप शब्द खर्च केले. इंजिनिअर बाईंनी एकही केला नाही. त्यांनी रिकाम्या केलेल्या कोठीच्या खोलीत, कमोड जिथे येणार तिथे खुर्ची ठेवली, आईला बसवलं आणि उठायला सांगितलं. उठताना आईचा उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला. बाईंनी हाताच्या जागी खडूने रेघ मारली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. दुसरी रेघ पहिलीच्या बोटभर वर. नंतर अंघोळीच्या जागी उभं करून डोळे मिटायला सांगितलं, तोंडाला साबण लावल्यागत. दोन्ही हात पुढे आले आणि भिंतीवर टेकले. तिथेही खडू. चुन्याच्या भिंतीवर आईच्या तोलाचा नकाशाच उमटला. पुस्तकातल्या मापापेक्षा तो थोडा खाली होता, कारण आई ठेंगणी आहे. त्यानंतर ती दवाखान्याचं काही बोलली नाही. दांड्या आडव्या हव्यात की तिरप्या, यावर तिने स्वतःच मतं द्यायला सुरुवात केली.

जुन्या चुन्याच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही, माणसाचा भार पडला की गिलाव्यासकट हातात येतो. म्हणून दांड्यांच्या जागी टाइल लावायच्या आधीच भिंतीत लोखंडी पट्टी बसवायची. टॉवेलच्या नळीवर कोणी भिस्त ठेवू नये. ती टॉवेलपुरतीच असते. दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी अशी की नाणं घालून बाहेरूनही फिरवता यावी. उंबरठा नाही; पाणी बाहेर येऊ नये म्हणून उतार आतल्या बाजूला, आठ फुटांत इंचभर. दोन गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले, पाणी डुचमळायचं थांबेपर्यंत सगळे गप्प, आणि मग दोघांनी एकदमच पेन्सिलीची खूण केली. लेझरची यंत्रं आली, पण आमच्या गवंड्याचा विश्वास अजून या नळीवर.

एवढं सगळं झाल्यावर नकाशा पुरा झाला असं मी धरून चाललो होतो. घरी कामाला येणाऱ्या मावशी टेबल पुसायला त्यावरचा कागद उचलून बघत होत्या. "यात बादली कुठं भरायची?" त्यांनी विचारलं. नकाशात शॉवर होता, बेसिनला नळ होता, कमोडला जेट होता. गुडघ्याएवढ्या उंचीवरचा साधा नळ, ज्याखाली फरशी पुसायची बादली सरळ ठेवता येईल, तो नव्हता. कोणत्याही खुर्चीवरून आणि खडूच्या रेघेवरून तो सुचला नसता, कारण ते न्हाणीघर धुणारं माणूस त्या खोलीत आम्ही उभंच केलं नव्हतं. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. काचेचं पार्टिशन नको, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्यावरून निघत नाहीत आणि ते घासायला ॲसिड लागतं, त्याने डोळे झोंबतात. कमोड भिंतीला लटकणारा असला तर खालून पुसता येतं, पाठ मोडत नाही. फटी कमी म्हणजे शेवाळ कमी, तेव्हा टाइल मोठी, पण गुळगुळीत नको. झाडू आणि ब्रश ठेवायला कोनाडा, "नायतर ते नेहमी तुमच्या पायात." 

लटकता कमोड जुन्या भिंतीला पेलत नाही. त्याला जमिनीवर टेकणारी लोखंडी चौकट लागते. खर्च वाढला. इंजिनिअर बाईंनी चौकट आखली, नळ आखला, कोनाडा आखला. काच रद्द झाली आणि तिथे पडद्याची दांडी आली. पैशांचं म्हणाल तर मूळ अंदाज केव्हाच मागे पडला आहे, आणि त्याबद्दल जुन्या घरात राहणाऱ्याला वेगळं काही सांगायची गरज नाही.

शेवटचं काम प्लंबरने सुचवलं. भिंती फोडून पाइप टाकले की टाइल लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, शेजारी मोजायची टेप उघडी धरून. म्हणजे कोणता पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते कळतं. सगळे व्हॉल्व्ह एका झडपेमागे, हात जाईल एवढी जागा सोडून. त्यांच्यावर टाइल चढवायची नाही. सज्जातलं न्हाणीघर बांधणाऱ्याने सगळं भिंतीत गाडलं होतं आणि त्याला आमच्या प्लंबरने दिवसभर मनसोक्त शिव्या दिल्या. पुढे वीस-तीस वर्षांनी कोणीतरी ही भिंत उघडेल. तो कोण असेल, घर तेव्हा कोणाचं असेल, माहीत नाही. पण त्याची छिन्नी पाइपवर पडू नये. ते फोटो घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत जातील, झडपेच्या आतल्या बाजूला फाइल कुठे आहे तेही लिहून ठेवायचं आहे.

आता कागदावर आई आहे, काकू आहेत, त्यांचे देव आहेत, मावशी आहेत आणि पुढचा अनोळखी प्लंबरही आहे. टाइल्सचा रंग तेवढा राहिला. पांढरा की राखाडी, यावरून घरात दोन तट पडले आहेत, आणि गवंडी म्हणतो त्याला अजून बराच अवकाश आहे.